बॉबलिंगेनचं बोडण

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर सकाळच्या चहाबरोबर करमणूक म्हणून वाचतेय. बंद पडलेली गाडी, पांढरी साडी, आणि शेवटी गावातला कोणी म्हातारा सांगणार की 'त्या वळणावर...'. या भुतांना नवीन काही सुचत का नाही, असं मला दर वेळी वाटायचं. मी ब्रेकच्या चाचण्या करणारी इंजिनिअर आहे. आमच्या रिपोर्टमध्ये 'अचानक' असा शब्द लिहिला तर साहेब तो लाल गोल करून परत पाठवतो. तेव्हा जमेल तेवढं त्याच शिस्तीत लिहिते.

जागा: श्टुटगार्टजवळचं बॉबलिंगेन. उतारावरचं दोन मजली घर. वर आम्ही – मी, नवरा निखिल, सहा वर्षांची इरा. खाली घरमालकीण रेनाटे. काळ: २०१६ चा श्रावण, म्हणजे तिकडचा ऑगस्ट. निखिलची आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या.

रेनाटे टॅक्स ऑफिसातून रिटायर झालेली, घटस्फोटित, पासष्टीची, अंगाने चांगली भरलेली. स्वतःला हाइडिन म्हणवून घ्यायची – म्हणजे चर्च सोडून जुन्या देवतांना मानणारी. तिच्या हॉलमध्ये बुटांच्या कपाटावर देव्हारा होता: लाकडातून कोरलेली एक जर्मन देवी, जुन्या बाजारातून आणलेली काली, आणि मध्ये नदीतले गोटे. रोज सकाळी सात वाजता ती तिथे दिवा लावायची, आणि कोणत्या देवीला काय वाहिलं याची नोंद फाइलमध्ये ठेवायची. टॅक्स ऑफिस माणसाला सोडतं, माणूस त्याला सोडत नाही. मला हे सगळं फार गमतीचं वाटायचं. घरच्या पूजेतला थाट मी लहानपणी इतका पाहिला होता की परदेशी आवृत्तीला हसायला मी मोकळी होते.

एकदा तळघर आवरताना तिला आमच्या बॅगेत पितळेची अन्नपूर्णा सापडली. माझ्या आईने लग्नात दिलेली. मुलीबरोबर अन्नपूर्णा सासरी जाते, तशी ही माझ्याबरोबर पुण्याहून आली आणि सात वर्षं स्वेटरांखाली पडून होती. ही कोण, असं रेनाटेने विचारलं. मी सांगितलं, हातात पळी घेऊन बसलेली, जेवायला घालणारी. "मी ठेवू माझ्याकडे?" "हो, ठेव की," मी म्हटलं. मला तेवढीच बॅगेत जागा झाली.

सासूबाई आल्या त्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं आणि विचारलं, "अन्नपूर्णा कुठाय गं?"

"खाली. रेनाटेकडे."

"म्हणजे?"

"म्हणजे... दिली."

"अगं मधुरा, पातेलं आहे का ते, शेजारी द्यायला?"

त्या तरातरा खाली गेल्या. मी मागोमाग, माफी कुठल्या भाषेत मागायची याचा विचार करत. पाहते तर अन्नपूर्णेला घासूनपुसून लाल कापडावर बसवलेलं, पुढे वाटीत गरम भात आणि वर साजूक तूप. रेनाटे तिला जेवू घातल्याशिवाय स्वतः जेवत नसे. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग वर येऊन म्हणाल्या, "राहू दे तिथेच. तिथे जेवते तरी."

त्या दिवसापासून या दोघींचं मेतकूट जमलं. एकीला जर्मन येत नव्हतं, दुसरीला मराठी. दुभाषी मी, आणि मी नसेन तेव्हा हातवारे. त्यातूनच बोडण निघालं. माहीत नसलेल्यांसाठी: आमच्याकडे, म्हणजे कोकणस्थांत, घरात मूल झालं, लग्न झालं की बोडण भरतात. परातीत अन्नपूर्णा ठेवायची, वर पुरण, भात, वडे. भोवती चार सवाष्णी आणि एक कुमारिका. सगळ्यांनी हाताने कालवायचं, आणि कुमारिकेला विचारत राहायचं – काय हवं? ती दूध म्हणाली तर दूध, मध म्हणाली तर मध. ती 'बास' म्हणेपर्यंत. त्या वेळेपुरती ती देवी, म्हणून तिला नाही म्हणायचं नाही. पुरुषांनी बघायचं नाही. इराच्या जन्मानंतर आमचं बोडण राहून गेलं होतं.

"इथेच करू," सासूबाई म्हणाल्या. "देवी खाली, कुमारिका वर. अजून काय पाहिजे?"

"सवाष्णी पाहिजेत, आई."

रेनाटेने तिच्या गटातल्या दोन मैत्रिणी बोलावल्या. ती स्वतः तिसरी, मी चौथी. घटस्फोटाचं काय, असं मी विचारलं. "देवी काय लग्नाची कागदपत्रं तपासणार आहे?" रेनाटे म्हणाली. मात्र सासूबाई विधवा म्हणून परातीशी बसणार नाहीत, दारात खुर्ची टाकून बसणार, हे कळल्यावर ती भडकली. मी भाषांतर केलं. सासूबाई हसल्या. "तिला म्हणावं, पुढच्या वेळी."

रविवारी सकाळी अकराला बसलो. निखिल सायकल घेऊन निघून गेला, आनंदाने. रेनाटेच्या मैत्रिणींनी लांब झगे घातले होते, एकीच्या डोक्यावर फुलांचं कडं. मी हसू दाबत होते. इरा मात्र खूश – हात घालून अन्न चिवडायला कोण देतं एरवी?

"काय हवं?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

इरा घरीही उत्तरं जर्मनमध्येच द्यायची. "मिल्श." दूध ओतलं. "होनिग." मध ओतला. दही, तूप, साखर. मग ती नुसतं 'नोख' म्हणायला लागली. नोख म्हणजे अजून. आम्ही ओतत होतो, ती म्हणत होती, नोख. आधी सगळ्या हसल्या. दोन लिटर दूध संपलं, मधाची बरणी संपली. परातीतून जमिनीवर ओघळ यायला लागले. आणि इराच्या चेहऱ्यावर खेळ राहिला नव्हता. ती कोणाकडे बघत नव्हती. कोपरापर्यंत हात परातीत, आणि एकाच सुरात – नोख. नोख.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद. आता आणणार कुठून? फुलांच्या कड्यावाली डोळे मिटून गुणगुणायला लागली, आणि माझं डोकं फिरलं. मी इराचा हात धरून बाहेर ओढला. "बास! झालं! श्लुस!"

रेनाटे हळूच म्हणाली, "पण ते तिने नाही म्हटलं."

"मी तिची आई आहे," मी म्हटलं, आणि इराला वर नेऊन अंघोळ घातली.

त्या दिवसापासून इरा जेवेना.

हट्ट नाही, रडणं नाही, उलटी नाही. ताटासमोर शहाण्यासारखी बसायची, हात मांडीवर. पाणी प्यायची. भरवलं तर घास तोंडात धरून ठेवायची आणि थोड्या वेळाने काढून ताटाच्या कडेला ठेवायची. "का गं राणी, भूक नाही?" तर म्हणायची, "इष बिन नोख निष्ट द्रान." दवाखान्यात रांगेत बसल्यावर म्हणतात तसं – माझा नंबर अजून आला नाही.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे. सहाव्या दिवशी हॉस्पिटल. रक्त, लघवी, पोटाची सोनोग्राफी, सगळं ठीक. नाकातून नळी घातली. मानसोपचारवाल्या बाई आल्या, घराची चित्रं काढून घेतली, आणि म्हणाल्या, सप्टेंबरात पहिलीत जायचं आहे ना, त्याची भीती असणार. मला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. पण नळीतून जेवढं जात होतं तेवढंही तिच्या अंगी लागत नव्हतं. तिला उशीसकट कुशीत घेतलं की तिच्यापेक्षा उशीच जड लागायची.

सासूबाई एकदाच बोलल्या. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये, कपातल्या चहाकडे बघत. "तिला बास म्हणू दिलं नाहीस."

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. निखिल उठून बाहेर गेला. सगळं ऐकून घेऊन त्या शेवटी म्हणाल्या, "बरं. तू म्हणशील तसं."

आणखी आठवड्याने हॉस्पिटलने रविवारी चार तास घरी न्यायची परवानगी दिली. घरच्या वातावरणात कदाचित खाईल म्हणून. गाडीतून इराला उचलून आणताना मीच वर न जाता रेनाटेच्या दारावरची बेल वाजवली. कोणी सुचवलं नव्हतं. तिने दार उघडलं, आणि मागे स्वयंपाकघरात दिसलं – दुधाचे खोके, मधाच्या बरण्या, तुपाचे डबे. दोन आठवडे ती शनिवारी आणून ठेवत होती.

या वेळी झगे नव्हते. रेनाटे, मी, आणि सासूबाई – त्यांना रेनाटेने हाताला धरून परातीशी बसवलं. इरा माझ्या मांडीवर. तिचा हात मी अन्नपूर्णेवरच्या भातावर ठेवला.

"काय हवं बाळा?" सासूबाईंनी विचारलं.

इराने मान हलवली. दूध? नाही. मध? नाही. मग तिने डोकं वर करून रेनाटेकडे पाहिलं, अगदी नीट, दुकानात वस्तू दाखवावी तसं, आणि म्हणाली, "दाइनेन हुंगर."

तुझी भूक.

रेनाटे आधी दचकली, मग पोटावर हात ठेवून हसली. "माझ्याकडे ती भरपूर आहे, शेट्झ्ले, सोनुले!"

"काय म्हणाली?" सासूबाईंनी मला विचारलं.

मी सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "नाही. हे नाही. मधुरा, सांग तिला, दुसरं काहीतरी दे म्हणावं. देवीला दिलेलं परत घेता येत नाही... अगं सांग ना तिला! भाबडी आहे ती, तिला काय कळतंय?"

रेनाटे माझ्याकडे वळली. "आई काय म्हणतायत?"

त्या खोलीत दोन्ही भाषा येणारं मोठं माणूस मी एकटीच होते.

"त्या आभार मानतायत," मी म्हटलं.

"निम," रेनाटे इराला म्हणाली. घे.

मग इरा मराठीत म्हणाली, "बास." आणि परातीतला भात उचलून तोंडात घातला, चावला, गिळला. पुन्हा उचलला. दोन्ही हातांनी खात होती. मी रडत होते. सासूबाई परातीतून हात काढून उठल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

तीन दिवसांनी इराची नळी काढली. सप्टेंबरात ती शाळेत गेली.

रेनाटेने आधी मला हसत सांगितलं की न ठरवता डाएट चालू झालंय. जेवण दिसतं, वास येतो, पण पोट काही मागतच नाही. ती घड्याळ लावून जेवायची, औषधासारखं. ऑक्टोबरात तिचे कपडे लोंबायला लागले. नाताळच्या आधी ती हॉस्पिटलात होती. डॉक्टरांना तोवर स्वादुपिंडात गाठ सापडली होती, आणि ती उन्हाळ्याच्या बऱ्याच आधीपासून असणार, असं त्यांनी सांगितलं.

मी दर शनिवारी भेटायला जायचे. ती एकच विचारायची, "छोटीने आज काय खाल्लं?" मी सांगायचे: दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, दहीभात, वर एक केळं. ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच थांबवायची. "दहीभातात काय घातलं होतं?" मोहरी, कढीपत्ता. "हं... पुढे?" फेब्रुवारीत ती गेली. तिच्या भाचीने अन्नपूर्णा वर आणून दिली. फाइल तिने ठेवून घेतली.

आता स्पष्टीकरण. मुलीला शाळेची भीती होती, ती आपोआप गेली. अशी मुलं असतात. रेनाटेला कॅन्सर होता, आणि भूक मरणं हे त्याचं लक्षण. सुरुवात त्याच सुमारास झाली हा योगायोग. अशी वाक्यं मी रिपोर्टमध्ये लिहिली असती तर साहेबाने सही केली असती. इराला यातलं काही आठवत नाही. 'तुझी भूक' हे तिला कुठून सुचलं, ते मला माहीत नाही, पण सहा वर्षांची मुलं काहीही बोलतात.

एवढंच उरतं. त्या रविवारीही माझा या कशावरही विश्वास नव्हता. विश्वास नसलेल्या बाईने सासूबाईंचं वाक्य जसंच्या तसं सांगून टाकायला काय हरकत होती? रेनाटे हसली असती, तरीही 'घे' म्हणाली असती कदाचित. मी तिला विचारलं नाही. आणि मी ते का केलं, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. म्हणजे एक उत्तर आहे, पण ते मान्य केलं तर वरचं सगळं स्पष्टीकरण फाडून टाकावं लागेल.