कुठेच न जोडलेली वायर

आमच्या श्रीरामपूरच्या वर्कशॉपमधलं भंगार दर महिन्याला टेम्पोत भरून जातं. किस्से मात्र कुणी वजनावर घेत नाही, म्हणून ते तसेच साचत राहतात. त्यात वर्कशॉपचे मालक म्हणजे माझे थोरले चुलते, आप्पा. ते रोज एक तरी नवा घडवतात. त्यामुळे माल भरपूर आहे, ऐका.

वर्कशॉप लोखंडी कपाटांचं. मी पुण्याहून प्रॉडक्ट डिझाईन शिकून परत आले आणि दुकानांसाठी एक मॉड्युलर सिस्टीम केली. भिंतीला पॅनल, पॅनलला उभ्या खाचा, खाचांच्या आत तांब्याच्या पट्ट्या. त्यांत फक्त चोवीस व्होल्ट, हात लागला तरी काही होत नाही. शेल्फचा हुक खाचेत अडकवला की शेल्फखालची लाईट लागते. काढून दुसरीकडे अडकवा, तिथेही लागते.

आप्पांनी पॅनल पुढून पाहिलं, मागून पाहिलं, शेवटी वाकून खालून पाहिलं.

"वायर कुठं हाय?"

"नाहीये, आप्पा. तेच तर डिझाईन आहे."

"मग गिऱ्हाईकानं भरवसा कशावर ठिवायचा?"

मी समजावून सांगितलं. मग आवाज चढवून समजावून सांगितलं. शेवटी आप्पांनी अट घातली.

"एक दुकान करून दाखव. जमलं तर पुढं बघू. न्हाई जमलं तर गुमान कपाटांचे रंग निवडायचे."

आमची कपाटं दोनच रंगांत येतात.

*

सेफ्टीची खात्री करायला आप्पांनी याकोबकाकांना बोलावलं. याकोबकाका आमचे वायरमन. खिशाला पेन नसेल, पण टेस्टर असतोच. मी शेल्फ अडकवलं, लाईट लागली. काकांनी टेस्टर खाचेत घातला. टेस्टरमधला दिवा काही लागेना. लागणारच नाही, इतक्या कमी व्होल्टेजला तो लागत नसतो.

काकांनी टेस्टर शर्टाला पुसला, परत घातला आणि निकाल दिला, "सप्लाय न्हाई."

"काका, समोर लाईट लागलीये."

"लागली आसंल. सप्लाय न्हाई."

मी आशेने आप्पांकडे पाहिलं.

"पोरी, याकोबचा टेस्टर तू जन्मायच्या आधीचा हाय," आप्पा म्हणाले. "तुजं पॅनल कालचं."

*

दुकान मिळालं कोल्हारला, शैलामावशींचं. बांगड्या, टिकल्या, क्लिपा, मेंदी. मावशी नात्याने कुणाच्याच मावशी नाहीत, पण अख्ख्या बाजारपेठेवर मावशीपणा गाजवतात. दुकानात अंधार इतका, की हिरवी बांगडी पाहायला बायका रस्त्यावर येत आणि काही तिथूनच घरी जात. त्यामुळे मावशींना लाईट हवीच होती.

ट्रायलला एक पॅनल लावून मी चहा प्यायला समोर गेले. परत येते तर भिंत काळीकुट्ट. शेल्फांवर जागा मोकळी, आणि मावशींनी धातूच्या बांगड्यांचे जुडगे तारेने थेट खाचांत लटकवलेले! तार आत जाऊन दोन्ही पट्ट्यांना टेकली, शॉर्ट झालं, सप्लाय ट्रिप.

"मावशी, त्या खाचा शेल्फसाठी आहेत."

"मग येवड्या कशाला पाडल्या? मला वाटलं, मालासाठीच हायती."

आप्पा दारात उभे होते. चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"चला," ते म्हणाले. "राखाडी का निळा?"

मी पॅनल उतरवून परत आणलं. पट्ट्या खाचेच्या आणखी आत, कडेला, एकमेकींसमोर न येता बसवल्या. आता आमच्या वाकड्या हुकाशिवाय काहीच तिथवर पोचत नाही. मग मावशींनाच कोल्हारहून बोलावलं आणि सांगितलं, काय घुसवायचं ते घुसवा. त्यांनी तार घुसवली, सेफ्टी पिन घुसवली, आप्पांच्या कपाटाची किल्ली घुसवली. लाईट लागलेलीच. किल्ली मात्र अडकून बसली. ती काढायला आप्पांना पक्कड घ्यावी लागली, आणि सगळ्या प्रकरणात मला तेवढाच भाग पुन्हा पाहायला आवडेल.

*

सगळी भिंत बसवून झाली. दुसऱ्या दिवशी फिनिशिंग पाहायला गेले, तर माझ्या पांढऱ्याशुभ्र पॅनलच्या कडेने छतापासून जमिनीपर्यंत एक जाड काळी वायर. क्लिपा मारून, अगदी सरळ रेषेत. खाली याकोबकाका शेवटची क्लिप ठोकत होते.

"याकोबकाका, हे काय?"

"आप्पांनी सांगितलं."

मी फोन लावला. "आप्पा, ही वायर कुठून कुठं जाते?"

"कुटंच न्हाई."

"मग लावली कशाला?"

"दिसती ना?"

मी ती उपटायला स्टूल ओढलं, तेवढ्यात शैलामावशी आतून आल्या. वायरीवरून प्रेमाने हात फिरवत म्हणाल्या, "आता कसं ठीक वाटतंय. काल रातभर डोक्यात तेच, ही लाईट येती कुटून?"

त्या वायरीवर मावशी आता केसांचे रबर लावतात. सगळ्यात जास्त खप त्यांचाच आहे, असंही मला मुद्दाम कळवण्यात आलं.

*

उद्घाटन संध्याकाळी होतं. दुकानात बायकांची गर्दी, पेढे फिरतायत, मी कोपऱ्यात उभी. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले, आणि आल्या आल्या वाकून पॅनल खालून बघायला लागले. मला वाटलं, झालं. पेढे संपले की निकाल.

दिवेलागणीची वेळ झाली. मावशींनी मेन स्विच टाकला आणि सगळी भिंत एकदम उजळली. तशी दुकानातल्या सगळ्या बायकांनी हात जोडले. घरात संध्याकाळचा दिवा लागल्यावर जोडतात ना, तसेच. मावशींनी जोडले, याकोबकाकांनीही जोडले.

आप्पांनी हे पाहिलं. पुढे झाले आणि मधलं शेल्फ हुकासकट उचललं. लाईट गेली. दोन खाचा सोडून पलीकडे अडकवलं. लाईट लागली. अख्ख्या दुकानाने परत हात जोडले.

आप्पांनी शेल्फ परत काढलं, वर अडकवलं. परत नमस्कार. एका आजींच्या हातात पेढा होता, त्यांनी तो तोंडात टाकला आणि हात मोकळे करून घेतले. आप्पांनी खाली अडकवलं. परत नमस्कार.

शेवटी मलाच लाज वाटायला लागली. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेले आणि हळूच म्हणाले, "आप्पा, पुरे आता. लोक दमले."

आप्पांनी शेल्फ पुन्हा काढलं होतं. ते छातीशी धरून ते रस्त्याकडे बघत होते.

"थांब जरा," ते म्हणाले. "राहात्याचा चपलांचा दुकानवाला गाडी लावतोय."