ओले बोंबील
सुक्या बोंबलांचा डबा उघडला की अजूनही माझं डोकं तडकतं. लेक अडीच वर्षांची असताना तिला समुद्र दाखवायला आम्ही नवघरहून दोन बस बदलून उत्तनला गेलो होतो. टोपी, बाटली, बादली, कपड्यांचे दोन जोड, सगळं माझ्याच खांद्यावर. नवरा मोबाइल धरून सूर्यास्ताची वाट बघत होता. बाईसाहेबांनी समुद्राकडे पाठ केली. किनाऱ्यावर दोऱ्यांना बोंबील सुकत टांगले होते, आणि घरी दोरीवरचे कपडे काढायचं काम तिचं. कपडा सुकलाय का ते गालाला लावून बघायचं, हे मीच शिकवलेलं. तिने खालच्या दोरीवरचा एकेक बोंबील ओढायला सुरुवात केली. गालाला लावायचा, "ओलंय" म्हणायचं आणि माझ्या ओढणीत टाकायचा. मी ओरडतेय, ती रडतेय, पण हात काही थांबत नाही. शेवटी ज्यांचे बोंबील होते त्या कोळीणबाई आल्या आणि मला काही न बोलता तिलाच म्हणाल्या, "गो पोरी, सुकलं न्हाय अजून. परवा ये काढायला." तेवढ्यावर ती गुमान निघाली. परतीच्या बसमध्ये आमच्या शेजारी कोणी बसलं नाही. आज ती आठवीत आहे, आणि दोरीवर परवाचे कपडे कडकडीत वाळून तसेच लटकतायत.