खोक्यातली रिकामी जागा

सोसायटीत शाडूचे गणपती करायची कार्यशाळा चालू होती. एक नवे गृहस्थ आले, त्यांनी मातीच्या गोळ्यातला कण काढला, जिभेवर ठेवला आणि पुढच्या दातांनी चावला. वीस मुलं, त्यांच्या आया आणि मी, सगळे आ वासून बघत राहिलो. "करकरते," गृहस्थ म्हणाले. "यात वाळू आहे. वाळताना भेग जाईल." माती मी निवडून आणलेली, म्हणून मी जरा तोऱ्यातच हसलो. तिसऱ्या दिवशी आमच्या घरच्या बाप्पाची सोंड गळून पडली.

हे कोळसाकाका. नाव माझ्या मुलांनी ठेवलेलं. सगळी नोकरी विदर्भातल्या कोळशाच्या पट्ट्यात, सरकारी खात्यात झालेली. निवृत्तीनंतर ते दिल्लीत, आमच्या मयूर विहारला मुलाकडे राहायला आले. काका कुठलाही दगड भिंगातून बघायचे आणि त्याआधी त्यावर पाणी टाकायचे. मेट्रो स्टेशनच्या नव्या फरशीवरही त्यांनी बाटली ओतली, तेव्हा गार्ड "अरे अंकलजी, ये क्या!" म्हणत धावला. "ओला केल्याशिवाय दगड बोलत नाही," काका त्याला चक्क मराठीत समजावत होते. एवढी जाण असलेला माणूस म्हटल्यावर मी परस्पर ठरवून टाकलं की काका भूवैज्ञानिक. मंडळाच्या गणेशोत्सवाच्या पत्रिकेत 'ज्येष्ठ भूवैज्ञानिक' असं छापूनही टाकलं. ते बघून काका काही बोलायला लागले, तर "राहू द्या हो, इतका विनय बरा नाही," म्हणून मीच त्यांना गप्प केलं. समोरच्याला बोलू न देण्याची कला माझ्यात आहे. घरात तिची कदर नाही, एवढंच.

त्यांच्या घराला रंग देत होते तेव्हा त्यांचं एक लाकडी खोकं आमच्या बाल्कनीत होतं. त्यात लांब कप्पे आणि कप्प्यांत काकडीसारखे गोल दगडाचे तुकडे. जमिनीत खोल भोक पाडताना यंत्रातून असा दगड वर येतो, त्याला कोर म्हणतात. मध्येमध्ये लाकडाचे ठोकळे होते. मी, मदत म्हणून, ठोकळे काढले, तुकडे एकाला एक भिडवले आणि पुसून लखलखीत केले. काका आले आणि खोकं बघून खालीच बसले. मला वाटलं, बीपी.

"कोणी केलं हे?"

"मीच! मस्त दिसतंय ना?"

"अहो, कोळसा ठिसूळ असतो. भोक पाडताना पाण्याबरोबर वाहून जातो. जेवढा हाती आला नाही, तेवढ्या जागेत ठोकळा ठेवायचा. खोकं भरलेलं दिसावं म्हणून तुकडे सरकवले, तर खाली काय आहे ते कुणाला कधी कळणारच नाही!" मग त्यांनी आठवून आठवून एकेक ठोकळा जागेवर बसवला. चहा न घेता गेले. मला वाटलं, लाकडाच्या चार तुकड्यांपायी किती हा त्रागा.

पुढे यवतमाळहून माझी भाची केतकी आमच्याकडे आली. तिला सरकारी खात्यात कोळशाची भूवैज्ञानिक व्हायचं होतं. त्यासाठी काय लागतं असं मला कुणी विचारलं असतं, तर मी हेल्मेट म्हटलं असतं. केतकीने मला समजावलं की नुसती बी.एस्सी. चालत नाही, भूविज्ञानात एम.एस्सी. लागते, मग देशभराची लेखी परीक्षा, मग दिल्लीत मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी. लेखी ती पास झाली होती. पण मागच्या खेपेला मुलाखतीतच अडकली होती. पुस्तकं पाठ होती, समोर कोरचा तुकडा ठेवल्यावर मात्र गडबडली. वयाची अट बघता हा तिचा शेवटचा प्रयत्न होता.

मी तिला काकांच्या हवाली केलं. रोज संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर खोकं उघडायचं.

"डोळे मीट. हातात काय आहे?"

"शेल, काका."

"नाव नंतर. आधी वजन सांग."

"हलकं आहे..."

"मग शेल कसा? तो मातीचा दगड, जड लागतो. हा कोळसा. नाव ठेवायची घाई करू नकोस गं."

"दगड उचला आता, पोळ्या ठेवायच्यात," माझी बायको स्वयंपाकघरातून ओरडायची.

इथे थांबलो तर तो मी कसला! ओळखीतून नोएडाचे एक साहेब शोधले, काकांच्याच खात्यातून मोठ्या पदावर निवृत्त झालेले भूवैज्ञानिक, आणि सरावाची मुलाखत घ्यायला त्यांना घरी बोलावलं. साहेब आत आले, काकांना बघितलं आणि सरळ वाकून त्यांच्या पाया पडले. "मास्टरजी! आप यहाँ?"

"आप दोनों एक ही पोस्ट पर थे?" मी अभिमानाने विचारलं.

"पोस्ट? अरे नहीं, ये हमारे सैंपलर थे। बारहवीं पास। मैं एम.एस्सी. का गोल्ड मेडल लेकर आया और पहले ही दिन कोर उलटा रख दिया। इन्होंने चुपचाप सीधा किया। सब इन्हीं से सीखा।"

सॅम्पलर! म्हणजे कोर खोक्यात मांडणारा मदतनीस! मी दोनशे घरांत वाटलेली ती पत्रिका माझ्या डोळ्यांपुढे फडफडायला लागली.

काकांचे कान लाल झाले होते. "मी तेव्हाच खोडायला हवं होतं, भाऊसाहेब. सुनेनं ती पत्रिका फ्रिजवर लावली. बरं वाटलं, म्हणून गप्प बसलो. भरलेलं खोकं दाखवलं तुम्हाला." ते उठले, खोकं उचललं. "केतकी, आता साहेब आहेत. त्यांच्याकडून शिक." आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मला, लाज वाटते सांगायला, सुटल्यासारखं झालं. मी केतकीला म्हटलं, "झालं ते बरंच झालं. मुलाखतीत कुणी शिकवलं विचारलं, तर काय सांगणार होतीस?"

केतकी माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "मामा, डिग्री माझ्याकडे आहे! मला जे येत नाही, ते काकांना येतं. आणि भूवैज्ञानिक तुम्ही छापलंत, त्यांनी नाही. माझा हा शेवटचा चान्स आहे. जा आणि त्यांना घेऊन या."

"सॉरी बोलून या ना, बाबा," माझा मुलगा म्हणाला. "क्या यार, सिंपल तर आहे."

सिंपल नव्हतं. काकांनी जाळीचा दरवाजा उघडलाच नाही. मी बाहेरूनच म्हणालो, "चुकलो, काका. तुम्हाला विचारलंच नाही कधी."

"विचारलं असतंत तर मी खरं सांगितलं असतं का, कोण जाणे," ते आतून म्हणाले. मी निघणार, एवढ्यात कडी वाजली. "पोरीला अजून डोळे मिटून कोळसा कळत नाही. चारच दिवस उरलेत," असं म्हणत ते चपला शोधायला लागले.

मुलाखतीत केतकीला प्रत्यक्ष कामाचा अनुभव विचारला. "कम है," ती म्हणाली. "पर एक सैंपलर ने सिखाया है, मयूर विहार में।" परीक्षक हसले म्हणे. हे ऐकताना मी तोंडावर उशी धरली होती. मग त्यांच्यातल्या एकाने दगड पुढे केला. तिने डोळे मिटून तो आधी तळहातावर तोलला.

तिची निवड झाली. आता ती खाणपट्ट्यात आहे. परवा तिने माझ्या फोनवर एक फोटो पाठवला: तिचा पहिला तक्ता, किती खोलीवर कोणता दगड लागला याचा. अशा तक्त्याखाली फक्त भूवैज्ञानिकाची सही असते. काकांच्या सगळ्या नोकरीत एकाही तक्त्यावर त्यांचं नाव कधी आलं नव्हतं. केतकीने आपल्या सहीखाली तिथल्या तिच्या मदतनिसाचं नाव लिहिलं होतं: 'कोर मांडणी: रामदास, सॅम्पलर.'

मी फोन काकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "हे चालत नाही," ते म्हणाले. "नियमात बसत नाही. वरचे ओरडतील तिला. खोडायला सांगा."

"सांगतो," असं म्हणून मी हात पुढे केला. काकांनी फोन काही परत दिला नाही.