तीन तारे, माल पास

माझा गाढवपणा मीच सांगून टाकतो तुमाले, नाही तर आमचा मेश्राम तिखट-मीठ लावून सांगेल. हसा बिनधास्त, पण हातातला चहा सांभाळून!

तर आमची पोरगी सुजाता. भिलाई-३ ले राहते, घरूनच ऑनलाइन साड्या विकते. भीमजयंती पंधरा दिवसांवर आलेली, अन् तिनं निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या घरभर रचून ठेवलेल्या. एक दिवस फोन आला, रडकुंडीले आलेली.

"बाबा, माझं रेटिंग पडलं! साडेचार होतं, आता चारच्याही खाली गेलं."

"पडलं तर पडलं. उचलू!"

"तसं नाही ना बाबा! रेटिंग पडलं की ॲप आपलं दुकान पार खाली ढकलते. लोकायले साडी दिसतच नाही. जयंती गेल्यावर ह्या साड्या घेणार कोण?"

मले तर भलतीच उत्सुकता लागली! हे तारे मोजते कोण? बसते कुठं? त्याच्यावर कोणी साहेब हाये का नाही? अन् असं पाहा, स्टील प्लांटमध्ये तीस वर्षं मी माल तपासायच्या इन्स्पेक्शन खात्यात काढले. दोष कुठं हाये ते हुडकणं माझ्या हाडातच.

"कमी कोणी दिले, नाव दिसते का?"

"नाही ना! नुसते तारे दिसते. मागच्या हप्त्यात कोणीतरी लागोपाठ कमी दिले. ते तर बरं, तुमी अन् तुमच्या दोस्तायनं साड्या घेतल्या. तुमच्या ताऱ्यांनीच वाचली, बाबा."

ऐकून माझी छाती अशी फुगली म्हणता! आमी इन्स्पेक्शनचे चार रिटायर गडी, चौघांनी एक-एक साडी घेतली होती. तारेही दिले होते, टेप लावून, काठ तपासून.

मंग दुश्मन कोण? मले एकदम वानखेडेबाई आठवल्या. आमच्या खुर्सीपारातच, मागच्या गल्लीत राहते. त्यांनी सुजाताची साडी वापस केली होती. झालं! आमच्या चौघांतल्या मेश्रामले संग घेतलं अन् धडकलो त्यांच्या दारात.

"वहिनी, माझ्या पोरीच्या पोटावर पाय कावून देऊन राहिल्या तुमी?"

आवाज जरा चढलाच. गल्ली गोळा झाली. बाईनं आतून फोन आणला अन् माझ्या नाकासमोर धरला. पाच तारे! पिवळेधम्मक!

"साडीवर डाग होता, दोन दिवसांत बदलून दिली तिनं. पोरगी सोनं हाये. अन् भाऊ, तुमी किती दिले?"

"तीन!" मी ठणकावून सांगितलं. "आमच्या चौघांचेही तीन-तीन!"

"तीन? कावून?"

"कावून म्हणजे? आमच्या खात्यात तीन म्हणजे माल पास, वापरण्यास हरकत नाही! पाच तर मी तीस वर्षांत कोणाले दिले नाही!"

बाईनं कपाळावर हात मारला. "अहो भाऊ, इथं तीन म्हणजे नापास! तुमीच बुडवलं पोरीले!"

अरे बाप रे! पायाखालची जमीनच सरकली. ज्याले हुडकून राहिलो होतो, तो माझ्याच चपला घालून उभा! बाईची माफी मागितली अन् तिथंच ओट्यावर बसून फोन काढला. पाच केले. बाकीच्या दोघांले फोन लावला, त्यांनीही केले. पण मेश्राम अडला.

"काठ दोन मिलिमीटर तिरपा हाये. मी खोटी सही करत नसतो."

"सही नाही बे, तारा हाये! दाब!"

शेवटी दाबला, पण तोंड असं केलं जसं कोणी एरंडेल पाजलं.

रेटिंग हळूहळू चढलं, अन् जयंतीच्या दोन दिवस आधी शेवटची साडी गेली. तेव्हा कुठं सुजाताले खरं सांगायची हिंमत झाली. पोरगी पोट धरून हसली. मले धीर आला, म्हटलं विचारून घ्यावं.

"बेटा, बाप म्हणून मले किती देशील?"

तिनं मले वरून खाली पाहिलं, अगदी टेप लावल्यासारखं.

"तीन," म्हणे. "वापरण्यास हरकत नाही."