मामांचा शिल्लक गुलाल

"मामा गेले गं..." फोनवर मामी एवढंच बोलल्या. शिरूरच्या ऑफिसात फायली तशाच सोडून मी भांडगावला धावले. त्याला आता महिना होत आला. रडून झालंय. पण मामांचं नाव निघालं की आधी हसूच येतं, त्याला मी काय करू?

माझे हे मामा शाळेत इंग्रजी शिकवायचे. रिटायर झाल्यावर गावच्या सोसायटीची प्रत्येक निवडणूक लढले, कायम विरोधी पॅनेलमधून, आणि कायम पडले. गुलाल मात्र दरवेळी आधीच आणून ठेवायचे! तो तसाच माळ्यावर साठत गेला.

सरकारी नोकरीच्या परीक्षेत मी दोनदा आपटले, दोन्ही वेळा इंग्रजीत. विरुद्धार्थी शब्द विचारला की मी हटकून समानार्थी निवडून यायचे. वडील म्हणाले, "बास झालं शिक्षान. औंदा लगीन." हे कळताच मामा मांडवगणला आमच्या ओट्यावर येऊन बसले ते उठेचनात. जेवण नाही, चहा नाही. "दाजी, पोरीला अजून एक डाव द्या. तवर मी हितनं हालत न्हाई." संध्याकाळी वडिलांनी हात टेकले.

मग मामांची शिकवणी सुरू झाली. "शब्द दिसला की आधी त्याची भावकी हुडक आन् बाजूला बशिव. वळखीची दिसती म्हणून तू तिलाच मत देऊन येतीस! उरल्यात विरोधी पॅनेलचा उमेदवार शोध."

"पण मामा, भावकीच तर खरी वैरी असती की!"

"गप ए! ती सोसायटीत. इंग्रजीत न्हाई."

परीक्षेत शब्द आला, ऑब्स्टिनेट. म्हणजे हट्टी. डोळ्यांपुढे ओट्यावरचे मामा उभे राहिले. पहिलाच पर्याय स्टबर्न... हात तिकडेच चालला होता. अगं, ही तर भावकी! बस बाजूला. खाली होता फ्लेक्सिबल, म्हणजे वाकणारा. मामांच्या अंगात औषधालाही नसलेला गुण. तोच निवडला, आणि त्याच एका मार्कावर मी तरले.

निकालादिवशी मामांनी माळ्यावरचा सगळा गुलाल बैठकीतच उधळला. "अवो, भायेर तरी जा!" मामी ओरडल्या. "गप बस, पहिल्यांदाच निवडून आलोय!" छत गुलाबी झालं. पुढं घर रंगवलं, पण तेवढ्या छताला मामांनी ब्रश लावू दिला नाही.

परवा मामी वर बघत म्हणाल्या, "आता तरी पांढरं करून घिऊ का गं?"

मी मामांच्या खुर्चीत मांडी घालून बसले.

"नको म्हणा मामी. तवर मी हितनं हालत न्हाई."