मंगळाची चौकशी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच, त्यामुळे विज्ञानाची सगळी कामं माझ्याकडे येतात. पंखा बिघडला तरी आई मलाच हाक मारते. बी.एस्सी.ची सहल माळव्यातली जुनी वेधशाळा पाहायला निघाली, तेव्हा बाबांनी बागेतली संत्री पिशवीत भरून दिली आणि हळूच म्हणाले, "तिथल्या सायबाले पुसून येजो, ताईचा मंगळ कधी उतरते म्हून."

ताईचं लग्न अडलं होतं. पांढुर्ण्याच्या मुलाला ती पसंत, तिला तो पसंत. फक्त मंगळाची हरकत होती, आणि ती मुलाच्या आईमार्फत आमच्यापर्यंत आली होती.

आकाश पाहायला आम्ही भर दुपारी पोहोचलो. मुलींनी अंधारात बाहेर थांबायचं नाही, हा आमच्या कॉलेजचा नियम ग्रहांच्या गतीपेक्षा पक्का आहे. तरी तिथल्या दगडी यंत्रावर सावली सरकताना पाहिली. पृथ्वी फिरते हे परीक्षेत अनेकदा लिहिलं होतं, दिसलं तेव्हाच. वेधशाळेच्या साहेबांनी सांगितलं, इथे अजून वेध घेतात, ग्रहांची रोजची स्थिती गणितानं काढून छापतात. पुष्कळ पंचांगवालेही तेच आकडे घेतात. म्हणजे आमच्याकडचा मंगळ इथूनच रवाना होत होता.

सगळे पाणी प्यायला गेल्यावर मी पिशवी पुढे केली आणि चाचरत विचारलं. संत्रं सोलता सोलता ते हिंदीतून म्हणाले, मंगळ कुठे आहे एवढं आम्ही सांगतो. कुणाच्या लग्नाशी त्याचा संबंध आम्हाला तरी आढळला नाही.

परतल्यावर मुलाची आई निकाल ऐकायला आमच्याकडे आली. मी जसंच्या तसं सांगितलं. बाबा माझ्याकडे न पाहता खाटेची सुतळी ओढत बसले.

"सरकारी हाय ना थे ऑफिस?" तिनं विचारलं.

"हो, काकू."

"मंग लिहून द्याले पाह्यजे होतं. शिक्का मारून."

चहा घेऊन आलेल्या ताईनं कप तिच्यासमोर ठेवला.

"काकू, मंगळानं तुमाले लिहून देल्लं होतं काय?"

काकूनं चहा बशीत ओतून सावकाश संपवला. मग म्हणाली, मृग बहाराची संत्री बागेतून तुटली की तारीख काढू.

तारीख गुरुजीच काढणार आहेत, पंचांग पाहून. आणि माझ्या शिक्षणामुळे लग्न जमलं, असं बाबा आमच्या अख्ख्या सौंसरला सांगून राहिले आहेत.