चिमूटभर लुबान

अ‍ॅलॉयसियस अंकलना स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. वसईचा माणूस, एसी दुरुस्त करण्यात हयात गेलेली, आवाज असा की इथे आखातात, अल अमेरातची आमची अख्खी बिल्डिंग जागी व्हावी. मी रत्नागिरीचा अमीन. दर शुक्रवारी नमाजाला शहरात, रुवीला जातो, तेव्हा आधी त्यांना चर्चवर सोडतो. तिथे ते मुलांना धर्मशिक्षण देतात.

त्यांची एक खोड आहे. धूपदाणीत निखारा ठेवायचा, मुलांच्या हातात चिमूटभर लुबान द्यायचा आणि गरजायचं, "रोमच्या बादशहाला देव मानून त्याच्या मूर्तीपुढे एवढाच टाकायचा होता! आपल्या लोकांनी टाकला नाही, जीव दिला. तुम्ही टाकाल?" पोरं घाबरून "नो अंकल" म्हणतात आणि हे खूश. पोटभर न्याहारी करून आलेल्या पोरांना मरणाचं काय विचारायचं?

गेल्या आठवड्यात गाडीतच त्यांच्या मुलाचा, स्टॅन्लीचा, फोन आला. तो भारतात, नोकरीच्या गावी भाड्याने राहतो. शेजारच्या घरी प्रार्थना चालली होती म्हणून टोळकं आलं, दार फोडलं, माणसांना मारलं. स्टॅन्लीने घाबरून आपल्या दारावरचा क्रूस काढून आत ठेवला.

अंकल कडाडले, "लाज नाही वाटत? परत लाव!"

"इथे बसून बोलणं सोपं आहे," मी म्हणालो.

"तुला नाही कळायचं."

मला नाही कळायचं! गावाकडे प्रवासात टोपी खिशात ठेवणाऱ्या मला! माझं डोकं सणकलं.

या शुक्रवारी नमाजाला वेळ होता, म्हणून मी वर्गाच्या दाराशीच थांबलो होतो. छोट्या अ‍ॅश्लीने विचारलं, "अंकल, ज्यांनी टाकला, त्यांचं काय झालं?"

अंकलना सांगावंच लागलं. टाकणारे जिवंत घरी गेले. पुढे रडत परत आले आणि चर्चने त्यातल्या कितीतरी जणांना पुन्हा जवळ केलं.

"मग ओके ना, अंकल?"

वर्ग अर्धाच सोडून ते गाडीत आले. पट्टा लावत होते, काढत होते. शेवटी स्पीकरवर फोन लावला.

"स्टॅन्ली, बाळा, माझं चुकलं. क्रूस आतच राहू दे."

"कालच लावला, पप्पा. तुम्ही बोललात म्हणून."

"काढ. आत्ताच्या आत्ता काढ!"

"नाक्यावरच्या त्या टोळक्यातल्यांनी बघितलंय. सकाळपासून खाली उभे आहेत. पोरांना घेऊन आतल्या खोलीत बसलोय."

अंकलनी पट्टा लावला. "अमीन, विमानतळ," एवढंच म्हणाले.

नमाजाची वेळ झाली होती. त्यांचा पासपोर्ट घ्यायला मी गाडी अमेरातकडे वळवली.